आज शर्यत नाही

घोडीनं ढोलाला दाद दिली नाही, की फटाक्यांच्या माळेलाही. तुलसीनगरातल्या मॅरेज गार्डनच्या दारात अर्धा तास बँड वाजत होता, माझे दोन मेहुणे तिच्या तोंडासमोर नाचत होते, नवरदेव म्हणजे माझा भाचा वर बसून घामाघूम झाला होता, आणि ती आपली एका पायावर भार टाकून डोळे अर्धवट मिटून उभी. मग कुणीतरी गार्डनच्या लोखंडी फाटकाची कडी ओढली. खाट्‌कन आवाज झाला, फाटकाची दोन्ही दारं एकदम उघडली, आणि घोडी बदलली. कान पुढे आले, मागचे दोन्ही पाय पोटाखाली गेले, मान खाली ताणली गेली. भाच्याची पगडी डोळ्यांवर आली. नाचणाऱ्यांच्या काही लक्षातच आलं नाही.

लगाम धरलेल्या माणसानं फक्त तळहात तिच्या मानेवर ठेवला आणि तोंड कानाजवळ नेऊन म्हणाला, "न्हाई गं बाय, न्हाई. आज शर्यत न्हाई."

मराठीत. भोपाळमध्ये, हिंदी गाण्यांच्या गोंगाटात, जरीची झूल पांघरलेल्या घोडीशी हा माणूस साताऱ्याकडच्या मराठीत बोलत होता, आणि घोडीला ते कळलं. पाय पुन्हा सैल झाले. वरात आत गेली. मी जेवायच्या पंगतीत बसायचं सोडून बाहेर आले तर तो तिला ट्रकपाशी पाणी पाजत होता. घोडी पुण्याची, म्हणाला. पुण्याला आणि मुंबईला पळालेली. फाटक उघडल्याचा आवाज म्हणजे स्टार्टिंग गेटचा आवाज, तो ती विसरत नाही.

"तुम्ही?"

"मी बी पुण्याचाच म्हणायचा. पळालो न्हाई एवढंच."

त्या रात्री त्याच्या अंगाला, घोडीच्या अंगाला, तिच्या झुलीलाही एक वास होता. ओळखीचा, पण कशाचा ते सापडेना. चार दिवसांनी मी त्याचा तबेला शोधत गेले, त्याला हा वासही एक कारण होता.

सीहोरच्या रस्त्याला शहर संपल्यावर गव्हाच्या शेतांमध्ये पत्र्याच्या सतरा ठाणांचा हा तबेला आहे. खाजगी आहे. शहरातली मुलं शनिवार-रविवारी घोड्यावर बसायला शिकतात, लग्नसराईत दोन-तीन घोड्या वरातीला जातात, त्यावर चालतो. भोपाळला घोड्यांचं वावडं नाही. शेवटचे नवाब हमीदुल्ला खान पोलोचे नामांकित खेळाडू होते. आज राज्य सरकारची घुडसवारी अकादमी इथे आहे आणि तिथली मुलं उड्यांच्या, इव्हेंटिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणतात. शेजारच्या इंदूरची सुदिप्ती हजेला २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या चौघांत होती. पण शर्यत भोपाळात नाही. इंदूरला निदान रेसकोर्स रोड तरी उरला आहे. इथे येतात ते शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे. थरोब्रेड घोडा सहा-सात वर्षांचा झाला, मागे पडू लागला, की त्याला गाडीत घालून कुठे कुठे पाठवतात. काही पैदाशीला, बरेचसे अशा शाळांत. या तबेल्यातल्या सतरांपैकी अकरांच्या खांद्यावर डागाच्या खुणा मी मोजल्या.

सगळे त्याला चाचा म्हणतात. मी काका म्हणू लागले, तो मला ताई. वय विचारलं तर म्हणाला, आधारवर एक जून हाय. म्हणजे मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेली तारीख; आपल्याकडच्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस. मी त्याला सांगितलं, घोड्यांचंही तसंच असतं. भारतात शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला, जन्म कधीही होवो. त्याला जानेवारीचं माहीत होतं. ऑगस्टचं नवीन होतं. "म्हंजे तिकडचा मास्तर येगळा," तो म्हणाला.

पहाटे पाचला काम सुरू होतं: लीद काढायची, पेंढा परतायचा, पाणी, थोडी चंदी, खरारा, खूर, मग खोगीर. हे सगळं कुठल्याही तबेल्यात असंच होत असणार. मी मात्र खुरांपाशी अडकले. काका घोडीच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि हात पायावरून खाली नेतो. उचल म्हणत नाही, पाय ओढत नाही. हात गुडघ्याखाली पोचेपर्यंत तिनं पाय दिलेला असतो. मग आकडीनं खुराच्या बेचक्यातली माती काढायची, बोटानं दाबून पाहायचं, वास घ्यायचा. हो, वास. खूर आतून कुजू लागला तर डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं, असं त्याचं म्हणणं. चारी पाय झाल्यावर तो पुढच्या दोन नळ्यांवर उलटा हात फिरवतो. तळहाताला घट्टे आहेत, त्याला ऊन-गार नीट समजत नाही. हाताच्या मागच्या बाजूला समजतं. नळी गरम लागली तर आज काम नाही.

पुण्यात आणि मुंबईत मिळून बावीस वर्षं त्यानं हेच केलं. हिवाळा महालक्ष्मीला, पावसाळा पुण्याच्या रेसकोर्सला, घोड्यांबरोबर गाडीतून येजा. तीन घोडे त्याच्याकडे असत. वर जमादार, त्याच्या वर ट्रेनर साहेब, त्याच्या वर मालक. जॉकी या उतरंडीत कुठे बसतो? काका विचारात पडला. "जॉकी पाहुणा," म्हणाला. "पाहुण्याला मान द्यायचा. पर घर त्याचं न्हवं."

एकदा त्याच्या हातचा एक घोडा डर्बीत धावला. इंडियन डर्बी: फेब्रुवारीतला पहिला रविवार, महालक्ष्मी, चोवीसशे मीटर. घोडा पाचवा आला. मी विचारलं, काय वाटलं? त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "अडीच मिन्टं वो ताई. दोन वर्साचं शिंगरू व्हतं तवापास्नं माज्याकडं. रोज दोन टाइम. आन् तिथं अडीच मिन्टं. त्यात बी मी खांबाच्या मागं, मला धा सेकंद दिसला."

हे "अडीच मिन्टं" त्यानं नंतर कितीतरी वेळा उच्चारलं. कधी तक्रार म्हणून, कधी नुसतं माप म्हणून. दूध उतू जायला अडीच मिनिटं, भांडण मिटायला अडीच मिनिटं, त्याची बायको गेली तेव्हा डॉक्टर आत होता तीही अडीच मिनिटं. मी मनातल्या मनात त्याला विरोध करत राहिले, कारण मी ज्या घरात वाढले तिथे शर्यतीची ती अडीच मिनिटंच सांगितली जात होती.

माझे आजोबा बडोद्याच्या संस्थानात कारकून होते. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांना शर्यतीचा नाद. आजोबांचा महाराजांवर एकच राग होता, की त्यांनी एका घोड्याला आपल्या आजोबांचं, सयाजीरावांचं नाव दिलं. "ज्यांनी आम्हाला शाळा दिल्या, त्यांच्या नावानं लोक ओरडणार, मार, मार!" हा घोडा १९४५ मध्ये अठ्ठावीस हजार गिनींना घेतलेला; शिंगराला तेवढी किंमत तोवर कुणी दिली नव्हती. सप्टेंबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला महिना झाला असेल-नसेल, त्यानं डॉन्कास्टरला सेंट लेजर जिंकली, फक्त डोक्याच्या अंतरानं. पाठीवर एडगर ब्रिट होता, सिडनीकडचा. आजोबा ही गोष्ट सांगताना रागावून सुरू करत आणि शेवटच्या दोनशे मीटरला उठून उभे राहत.

ब्रिट त्याआधी इथेच घोडे पळवत होता. १९४३ मध्ये मुंबईत देशी पैदाशीच्या घोड्यांची पहिली डर्बी झाली, जी पुढे इंडियन डर्बी झाली. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या बडोद्याच्या घोडीनं, आणि तिच्यावरही ब्रिटच होता. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या यादीत पहिलं नाव एका मराठी राजाचं आणि एका ऑस्ट्रेलियन जॉकीचं. पुढे तो इंग्लंडात स्थिरावला, तिथल्या क्लासिक शर्यती सात जिंकला, मायदेशी परतला आणि २०१७ मध्ये वारला तेव्हा एकशे तीन वर्षांचा होता. उपाशी राहून वजन मारणाऱ्यांच्या धंद्यात एकशे तीन!

आपल्या जुन्या फौजांत दोन शब्द होते. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याचं; बारगीर दुसऱ्या घोड्यावर बसे. जॉकी म्हणजे बारगीर. मग तो पांडू खाडे असो, शामू चव्हाण असो, वसंत शिंदे असो, नाहीतर एडगर ब्रिट. हे मी काकाला ऐकवलं, जरा ऐटीतच. याच सीहोर जिल्ह्यात दोराहा आहे, जिथे १७३८ च्या सुरुवातीला पहिल्या बाजीरावानं निजामाकडून तह लिहून घेतला, तेही सांगितलं. काका ऐकून घेत होता. मग विचारलं, "आन् मोतद्दार?"

मोतद्दार. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. घोड्याची निगा राखणारा. बखरींत कुठे ओझरता येत असेल, लढाईच्या वर्णनात नाही. त्या दिवशी मला पुढे काही बोलता आलं नाही.

तबेल्यात एक पोरगा आहे. सीहोरजवळच्या खेड्यातला, अठराला दोन महिने कमी. त्याला ऑस्ट्रेलियाला जायचंय.

ही हवेतली गोष्ट नाही. मेलबर्न, सिडनीच्या मोठ्या तबेल्यांना पहाटे घोडे पळवायला माणसं कमी पडतात. बाहेरून येणाऱ्या ट्रॅक रायडरांत भारतातली पोरंही आहेत. आधी पुण्यात, बंगळूरला किंवा हैदराबादला काही वर्षं रायडिंग बॉय म्हणून काम करायचं, मग ओळखीपाळखीतून किंवा एजंटमार्फत कागद. पोराच्या मोबाइलमध्ये असे चाळीसेक व्हिडिओ आहेत. अंधार, दिवे, घोड्यांच्या नाकातून वाफ, आणि हेल्मेटवर दिवा लावून जाणारे स्वार. "दीदी, अपन को जॉकी नई बनना," तो मला म्हणाला. "जॉकी तो सब बनना चाहते हैं. अपन को रोज का काम चाहिए."

मला हे वाक्य शहाणपणाचं वाटलं. काकाला वाटलं नाही. समोर घोडा पळत असताना ज्याला जॉकी व्हावंसं वाटत नाही, तो एक तर खोटं बोलतो किंवा त्याला घोडा कळलेला नाही, असं त्याचं मत. आणि खरंच, दाण्याची पोती तोलायच्या काट्यावर पोरगा रोज सकाळी चोरून उभा राहतो. सत्तेचाळीस किलो. मेलबर्न कपात घोड्यावर कमीत कमी पन्नास किलो लागतं, खोगीर धरून, हे त्यानंच मला सांगितलं. दोन वेळा पोळ्या नाकारतो. उंची अजून वाढतेय, मनगटं शर्टाबाहेर येऊ लागलीत. काका त्याच्याकडे पाहतो ते कापणीआधी ढगाकडे पाहावं तसं.

एका पावसाळी दुपारी, घोड्यांना बाहेर काढता येत नव्हतं तेव्हा, मी दोघांना ऑस्ट्रेलियाच्या गोष्टी सांगितल्या. मी वाचून आले होते. आमच्या मागे चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि तोच वास येत होता, लग्नातला. या वेळी विचारलं. जवस. रात्रभर भिजवून, खळ येईस्तोवर शिजवून, गव्हाच्या कोंड्यात कालवायचं, वरून थोडं मीठ आणि गूळ. याला तबेल्यात मॅश म्हणतात, आठवड्यातून एकदा. गरम, चिकट, किंचित कडवट वास. आजीच्या जवसाच्या चटणीत लसूण पडायच्या आधी जो यायचा तो. पुण्याच्या तबेल्यातही शनिवारी संध्याकाळी हाच वास असायचा, काका म्हणाला. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात पोटभर रडलो तो मॅश लावला तेव्हाच.

गोष्टींत पहिली सांगितली बार्ट कमिंग्जची. मेलबर्न कप: १८६१ पासूनची शर्यत, आता नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, बत्तीसशे मीटर, मेलबर्नला त्या दिवशी सुट्टी असते. या माणसाच्या हाताखालच्या घोड्यांनी तो कप बारा वेळा जिंकला, १९६५ ते २००८. त्याला लहानपणी डॉक्टरनं सांगितलं होतं, तुला घोड्यांची आणि वाळल्या गवताची अ‍ॅलर्जी आहे, लांब राहा. काका एवढा हसला की पलीकडच्या ठाणातला घोडा डोकं बाहेर काढून पाहू लागला. "बारा वेळा शिंकला म्हना की!"

पण १९५० मध्ये बार्टच्या वडिलांच्या हाताखालच्या कॉमिक कोर्ट या घोड्यानं कप जिंकला, तेव्हा घोड्याची निगा कोण राखत होतं? बार्टच. तिकडे त्याला स्ट्रॅपर म्हणतात. साईस, मोतद्दार, जे म्हणाल ते. म्हणजे सर्वांत मोठा ट्रेनर आधी साईस होता. काकाचं हसू ओसरलं. "बापाच्या तबेल्यात," तो म्हणाला. त्याला जे म्हणायचं होतं ते एवढ्या दोन शब्दांत आलं, आणि मला ते नाकारता आलं नाही. आपल्याकडे पेसी श्रॉफ जॉकी म्हणूनही डर्बी जिंकला आणि ट्रेनर म्हणूनही. खोगिरावरून ट्रेनरच्या खुर्चीत बसता येतं. खराऱ्यावरून तिथवर गेलेला एकही माणूस काकाला बावीस वर्षांत भेटलेला नाही. जमादारापर्यंत. त्याच्या पुढे शिडीच नाही.

म्हणून मी टॉमी वुडकॉकची गोष्ट काढली. फार लॅप नावाच्या घोड्याचा साईस. १९३० साली हा घोडा इतका जिंकत होता की कपाच्या तीन दिवस आधी पहाटे कुणीतरी मोटारीतून त्याच्यावर गोळी झाडली. वुडकॉक तट्टावर बसून त्याला नेत होता. त्यानं तट्टू मध्ये घातलं. घोडा वाचला आणि मंगळवारी कपही जिंकला. दीड वर्षानं अमेरिकेत अचानक आजारी पडून मेला तेव्हाही वुडकॉक त्याच्याजवळ होता. पुढे ऑस्ट्रेलियानं घोड्याचं कातडं पेंढा भरून मेलबर्नच्या संग्रहालयात ठेवलं, हृदय कॅनबेराला, सहा किलोंहून जड; आणि तो जन्मानं न्यूझीलंडचा म्हणून सांगाडा वेलिंग्टनला.

काका बराच वेळ गप्प. "काळीज एका गावात, कातडं एका गावात, हाडं तिसऱ्या गावात. वाटून घेतला की वो बिचाऱ्याला." मग, "आन् त्यो साईस?"

साईस ट्रेनर झाला. म्हातारपणी, १९७७ मध्ये, त्याचा रेकलेस नावाचा घोडा मेलबर्न कपात दुसरा आला. पहिला आला तो बार्ट कमिंग्जचा. रेकलेसच्या ठाणात पेंढ्यावर घोड्याशेजारी आडवा झालेला वुडकॉक, असा एक प्रसिद्ध फोटो आहे. मी मोबाइलवर दाखवला. मला वाटलं काका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहील. मी तरी तेच पाहून हळवी झाले होते. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खालचा कोपरा पाहिला.

"पेंढा जाड टाकलाय," तो म्हणाला. "कोरडा हाय. पैशेवालं हायती."

पोराला यातलं काही नको होतं. त्याला मिशेल पेन ऐकायची होती, कारण तिचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. दहा भावंडांतली शेंडेफळ, सहा महिन्यांची असताना आई मोटार अपघातात गेलेली. २०१५ मध्ये शंभरास एक भाव असलेल्या घोड्यावर बसून मेलबर्न कप जिंकणारी पहिली बाई. पोराला ठाऊक नसलेलं मी सांगितलं: त्या घोड्याचा साईस तिचा भाऊ स्टीव्ही होता, ज्याला डाउन सिंड्रोम आहे. तिच्यासाठी गेटचा नंबर काढायलाही तोच गेला होता. "भाई साईस, बहन जॉकी," पोरगा म्हणाला आणि काकाकडे पाहू लागला, जणू त्यांच्यात काहीतरी ठरत होतं.

काकानं पातेल्यात लाकडी पळा फिरवला. "पडली असंल की ती बी."

पडली. खूपदा, डोक्यावरही. त्यांच्यात कोण पडत नाही? तिकडच्या डेमियन ऑलिव्हर या जॉकीचे वडील शर्यतीत पडून गेले, भाऊ जेसन २००२ मध्ये सरावात पडून गेला, आणि आठवडाभरानं डेमियननं मेलबर्न कप जिंकून आभाळाकडे हात केला. आपल्याकडे १९७९ मध्ये महालक्ष्मीला जॉकी कार्ल उमरीगर पडून गेला, विशीही गाठली नव्हती. काका त्यानंतर कितीतरी वर्षांनी तिथे कामाला लागला, पण तबेल्यात ते नाव त्याच्याही कानावर पडायचं, घरातल्या गेलेल्या मुलाचं पडतं तसं. काकाची स्वतःची उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. त्याबद्दल विचारलं तर घोडीची बाजू घेऊन बोलतो: चूक माझीच, मागनं गेलो.

शर्यत मला आवडते का? लहानपणापासून माहीत आहे म्हणून आवडते, असं उत्तर या चार फेऱ्यांआधी मी दिलं असतं. आता मला घोड्याचं पळणं आवडतं आणि बाकीच्याबद्दल कुरकुर वाटते. या धंद्याच्या जीवनकथा लिहिल्या जातात त्या पहिल्या आलेल्यांच्या, आणि पहिला एकच येतो. काकाची ही घोडी चौदा वेळा धावली, दोनदा जिंकली. बाकी बारा वेळाही कुणीतरी तिची नळी उलट्या हातानं चाचपली होतीच. अडीच मिनिटं, नाहीतर तिच्या शर्यती छोट्या असत, तेव्हा दीड. पण मी हे लिहिते आहे तर काकाचं काम पवित्र-बिवित्र करून ठेवायचा मोहही होतो, आणि तो खोटा आहे. तो घोड्यांवर ओरडतो. पोरावर तर फार. पगार उशिरा होतो तेव्हा तबेला जाळून टाकायची भाषा करतो. पुण्याला पुन्हा का गेला नाहीत, विचारलं. घोडी इकडं विकली, तिच्यासंगं गाडीत मी आलो, चार दिवस थांबून जायचं व्हतं. पुढे? "ती खाईना वो."

आठ वर्षं झाली.

शेवटची फेरी ऑगस्टअखेरची. पोराचं पुण्याचं ठरलं होतं: कुणाच्या तरी ओळखीनं एका तबेल्यात रायडिंग बॉयच्या चाचणीला बोलावलं होतं. रात्रीची गाडी. काट्यावर एकोणपन्नास भरला होता आणि त्यावरून सकाळी रडारड झाली होती. काकानं त्याला समोर बसवून मॅशमधला गूळ खायला घातला. मग घोडीवर खोगीर चढवलं आणि त्याला म्हणाला, बस. शाळेच्या मुलांना आखाड्यात दुडकीवर फिरवतात, त्यापलीकडे मोकळं लांब वावर होतं, पाऊस उघडून जमीन नुकती वाळलेली. तिकडे बोट केलं.

पोरगा रिकिबी आखडून पुढे वाकला. घोडीनं पन्नासेक पावलं दुडकी मारली, आणि मग तिची पाठ खाली गेली. मी फार घोडे पाहिलेले नाहीत. पण बारा वर्षांची, वरातीला जाणारी घोडी आणि समोर दिसत होतं ते जनावर यांचा मेळ मला घालता येईना. टापांचा आवाज आधी येत होता, मग बंद झाला, मग नुसती जमिनीतून पायांना जाणवणारी धडधड. वावराच्या टोकाला तिनं वळण घेतलं तेव्हा पोराचे हात मानेजवळ अगदी स्वस्थ होते. लगाम ओढत नव्हता. तिचं तोंड तिच्याकडेच ठेवलं होतं.

काका खाली मान घालून उभा होता. मला वाटलं पाहवत नाही. जवळ गेले तर त्याचे डोळे मिटलेले. ऐकत होता. पुढचा डावा पाय बरोबर पडतोय का ते.

पोरगा परत आल्यावर काका त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. आधी खोगीर उतरवलं, घाम निपटला, घोडीला फिरवलं, चारी पाय उचलले, उलटा हात नळ्यांवरून फिरवला. उजव्या नळीवर दोनदा. पोरगा पिशवी खांद्याला लावून उभाच. साडेसात वाजले, गाडीची वेळ होत आली, गावचा कुणी मोटरसायकल घेऊन बाहेर हॉर्न देत होता.

"हात हलका हाय," काका शेवटी म्हणाला, घोडीकडे पाहत. "तिकडं साईसाला काय म्हन्तात म्हनलात?"

"स्ट्रॅपर."

"त्येच्याशी नीट वागायचं," त्यानं पोराला मराठीतच सांगितलं. आठ वर्षांत पोराला तेवढी मराठी येऊ लागली होती.

पोरगा पाया पडला, मोटरसायकलवर बसला, निघाला. तबेल्याचं फाटक जुनं, लोखंडी, जड आहे. कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे, ती का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मोटरसायकल वीसेक फूट गेली आणि थांबली. पोरगा उतरून पळत मागे आला. उघडं राहिलेलं फाटक त्यानं दोन्ही हातांनी बिजागरीवर थोडं उचललं, अंगाला टेकवून हळूहळू आणलं आणि कडी बोटानं धरून, आवाज होऊ न देता, खाली सोडली.

ठाणात घोडी मॅश खात होती. तिचा एक कान फाटकाकडे होता.